गुरुजींच्या घरातली मागची खोली

ही घटना अजून मनातून गेलेली नाही. ती सांगण्यासारखी आहे का, असे मला घरचेही विचारतात. तिच्यात खून नाही, दरोडा नाही. पण निवृत्तीनंतर दुपारी जरा डोळा लागला की मोठमोठ्या केसेस कुठल्या कुठे राहतात आणि पांढुर्ण्याची एक गल्ली समोर येते. संत्र्याच्या फुलांचा वास भरलेला असतो. गल्लीच्या तोंडाशी एक बाई उभी असते आणि आत न येता कुणाला तरी हाका मारत असते. प्रत्यक्षात ती हाक मी ऐकलेली नाही. ती बाईही मला पुढे बऱ्याच दिवसांनी दिसली. तरी आठवणीत असे येते, जणू मी तिथल्याच एखाद्या ओट्यावर बसून ऐकत होतो.

मी तेव्हा मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा ठाण्याचा प्रभारी होतो. गावाला जिल्ह्याचा दर्जा नुकताच मिळाला होता. नवे साहेब, नवी कार्यालये, रोजचा बंदोबस्त. आमच्या भागात पोलिसांचे कागद हिंदीत आणि माणसांचे बोलणे मराठीत. तक्रारदार 'मले', 'तुले' करत सांगतो आणि मुन्शी 'प्रार्थी ने बताया' म्हणून लिहून घेतो. या दोन भाषांच्या मध्ये पुष्कळ काही सांडते. मी स्वतः शेजारच्या सौंसरकडचा, मराठी घरातला, त्यामुळे ते सांडलेले मला ऐकू यायचे.

संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यायची होती. घरोघरी हळदीकुंकू चालले होते. बागांना आंबिया बहराची फुले आली होती आणि संध्याकाळी वारा पडला की तो वास ठाण्याच्या व्हरांड्यापर्यंत यायचा. लॉकअपमधला आरोपीसुद्धा म्हणायचा, "साहेब, बहर चांगला हाय यंदा." अशा एका संध्याकाळी आमचा खबऱ्या आला. बसस्टँडकडे त्याचा पानठेला होता. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "साहेब, गुरुजीच्या घरी पारधीण राहून राहिली."

"मग?"

"मग काय? लवकरच चोरीची रपट येईन पहा तुमच्याकडं."

मी हसण्यावारी नेले. अशा खबरी आमच्याकडे नेहमी यायच्या. पारधी हे एके काळी शिकारीवर जगणारे लोक. इंग्रजांच्या कायद्याने अख्ख्या जमातीला जन्मापासून गुन्हेगार ठरवले होते. स्वातंत्र्यानंतर तो कायदा गेला, पण त्यातला शब्द लोकांच्या तोंडात राहिला आणि खरे सांगायचे तर ठाण्यातही राहिला. कुठे पारधी दिसला की चोरी होणार, हे लोक पावसाचा अंदाज सांगावा तसे सांगत. मला वाटले, हाही त्यातलाच प्रकार.

त्यानंतर एक-दोन दिवसांतच सकाळी रपट आली.

गुरुजी आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली काकू म्हणायची, ठाण्यात आले. सोबत गल्लीतले चार-पाच जण होते. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, गावात मान असलेले. मूलबाळ परगावी. घराच्या मागच्या अंगणात एक कवेलूची, म्हणजे कौलारू, खोली होती. ती त्यांनी सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सला किरायाने दिली होती. तिला सगळे सिस्टर म्हणायचे, मीही इथे तेच म्हणतो.

बोलण्याचे काम समोरच्या घरातल्या भाऊंनी केले. त्यांचे खत-बियाण्यांचे दुकान होते. ते म्हणाले, "साहेब, काकूंची सोन्याची पोत गेली. न्हाताना देवघरातल्या कोनाड्यात ठेवली होती. घरात दुसरं कोणी आलंच नाही. ते मागच्या खोलीतली बाई पारधी आहे, हे आम्हाले आता समजलं. आतापर्यंत लपवलं तिनं."

मी काकूंना विचारले, "पोत कशी होती, काकू?"

"कशी म्हणजे?"

"वाट्या किती होत्या, मणी कसे होते?"

त्यांनी भाऊंकडे पाहिले. मग कशीबशी माहिती दिली. गुरुजी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत होते. आमच्या ठाण्याच्या हद्दीचा तो नकाशा बघण्यासारखा नव्हता.

मला तेव्हाच कुठेतरी खटकले. ज्याची वस्तू जाते तो आधी वस्तूबद्दल बोलतो. आईने दिली होती, लग्नात केली होती, तुटली तेव्हा डाग दिला होता, असे आपण ऐकत नसलो तरी सांगत राहतो. कोणी नेली, हे नंतर येते. इथे कोणी नेली हे पहिल्या वाक्यात आले होते आणि वस्तूबद्दल विचारावे लागत होते.

लगेच एफआयआर नोंदवा, असा भाऊंचा आग्रह होता. मी अर्ज घेतला, रोजनामच्यात नोंद केली आणि वरिष्ठांच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करायची ठरवली. सिस्टरची नोकरी नवीन होती. ती अजून कायमही झाली नव्हती. चोरीच्या गुन्ह्यात नाव आले असते तर नोकरी तिथेच लटकली असती. चौकशीत काही निघाले असते तर गुन्हा नोंदवायला मला कोणी अडवले नव्हते.

दवाखान्यात निरोप पाठवला. सिस्टर ड्यूटी संपवून स्वतःच आली, गणवेशात, गळ्यात ओळखपत्र. महिला कक्षात हवालदारबाईंच्या समोर तिला बसवले. वय जेमतेम पंचविशीचे. खुर्चीवर बसण्याआधी तिने खोलीभर नजर फिरवली, दार कुठे आहे, खिडकी कुठे आहे ते पाहिले. अशी नजर मी पाहिलेली होती. ती पहिल्यांदा ठाण्यात आलेल्या माणसाची नसते.

"याआधी ठाण्यात आलात कधी?" मी विचारले.

"लहानपणी पुष्कळदा. आई आम्हाला घेऊन व्हरांड्यात बसायची. बाबांना आत बसवलेलं असायचं."

"कशासाठी?"

"ते आम्हाला कधी समजलं नाही साहेब. गावात काही झालं की बसवायचे. नाही झालं तरी बसवायचे."

आवाजात राग नव्हता. रुग्णाचा ताप किती आहे ते सांगावे, तसे तिने सांगितले. मग म्हणाली, "माझी झडती घ्या. खोलीचीही घ्या. पण माझ्यासमोर घ्या आणि गल्लीतले दोन पंच उभे ठेवा. माझ्यामागं नका घेऊ."

मी विचारले, "तुम्ही जात का लपवली?"

"लपवली नाही. कोणी विचारलंच नाही. माझं आडनाव इकडच्या शेतकऱ्यांचंही आडनाव आहे. काकू म्हणाल्या, 'आपल्यातलीच दिसते पोरगी.' मी चूप राहिले. ते लपवणं असेल तर हो, लपवली."

"मग आता कशी समजली?"

तेव्हा तिने ती हाकेची गोष्ट सांगितली. तिचे आईवडील लोधीखेड्याच्या पुढे एका माळावर पालांच्या डेऱ्यात राहत. ती आश्रमशाळेत शिकली, वसतिगृहात राहिली, नर्स झाली. आई कधी तिच्या खोलीवर आली नव्हती. संक्रांतीच्या सुमारास तिला पोरीची फार आठवण झाली आणि ती बसने एकटीच आली. दवाखान्यात विचारत विचारत गल्लीपर्यंत पोहोचली. पण आत पाय टाकायची तिची हिंमत झाली नाही. दोन्ही बाजूंनी पक्की घरे, ओट्यांवर बसलेल्या बाया. तिने गल्लीच्या तोंडाशीच उभे राहून पोरीला डेऱ्यावरच्या नावाने, डेऱ्यावरच्या बोलीत हाका मारल्या.

"मी रात्रपाळी करून झोपले होते," सिस्टर म्हणाली. "मला वाटलं स्वप्नच पडलं. त्या नावानं मला कितीतरी वर्षांत कोणी बोलावलं नव्हतं. मी धावत गेले. तोपर्यंत सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं."

हवालदारबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

"साहेब, एक विचारू? मी निघाले तेव्हा खोलीला कुलूप लावलं होतं. ते आहे का अजून?"

संशयित माणूस वकिलाचे विचारतो, सुटकेचे विचारतो, घरच्यांना कळवले का ते विचारतो. कुलूप आहे का, हे मला कोणी विचारलेले आठवत नाही. मी म्हटले, "असेल की. काहून?"

"दुपारी त्या खोलीत कवेलूच्या फटीतून ऊन येते," ती म्हणाली. आता ती माझ्याशी बोलत होती की नाही, सांगता येत नव्हते. "रुपयाएवढा गोल पडतो जमिनीवर. मग सरकत सरकत भिंतीवर जातो. ड्यूटी नसली की मी पाहत बसते. डेऱ्यावर ऊन काय कमी होतं? सगळीकडं ऊनच होतं. पण ते कोणाचंही होतं. हा तुकडा माझा वाटायचा."

ठाण्यात असे कोणी बोलत नाही. बाहेर वायरलेस खरखरत होता, कुणाची तरी मोटारसायकल जप्त होऊन येत होती. मला मात्र क्षणभर ती खोली दिसली. जमिनीवरून भिंतीकडे चाललेले ऊनही दिसले. हवालदारबाईंनाही दिसले असावे, कारण त्यांनी लिहिणे थांबवले होते.

आम्ही तिला घेऊन गल्लीत पोहोचलो तेव्हा कुलूप तुटलेले होते. तिची ट्रंक, अंथरूण, गॅसची शेगडी, दोन भांडी आणि औषधांच्या कंपनीचे एक कॅलेंडर, सगळे मागच्या बोळात आणून टाकले होते. शेगडी आडवी पडली होती. सिस्टरने वाकून ती सरळ केली, बाकी काही हलवले नाही.

"हे कोणी बाहेर काढलं?" मी विचारले.

भाऊ पुढे आले. "साहेब, चोराले घरात ठेवते का कोणी?"

"चोरी सिद्ध झाली का?"

"पारधी आहे न साहेब. आणखी काय सिद्ध कराले पाहिजे?"

ते मनापासून बोलत होते. वाईट माणूस असता तर मला सोपे गेले असते. भाऊ गल्लीत कुणी आजारी पडले तर आपली गाडी काढून नागपूरला नेणारे होते. त्यांच्या पोरीचे लग्न ठरत होते आणि सोयरे गल्लीत येणार होते.

मी म्हटले, "किरायेदाराला असं बाहेर काढता येत नाही. त्याला कायदा आहे. घरमालकालाही येत नाही, मग तुम्ही तर शेजारी. हे सामान होतं तसं आत ठेवा. चौकशी चालू आहे तोवर ती इथंच राहील. कुलूपही नवीन आणून द्या."

सामान ज्यांनी काढले त्यांनीच आत ठेवले. नंतर एका पुढाऱ्याचा मला फोन आला, "कायले एवढं मनावर घेता?" मी त्यांना कलम सांगितले, त्यांनी फोन ठेवला.

पंचांसमोर खोलीची झडती झाली. पोत निघाली नाही. मग मी काकूंच्या घरात गेलो, कोनाडा पाहायचा म्हणून. देवघर स्वच्छ, समया घासलेल्या, डबे ओळीने लावलेले, गाद्यांच्या घड्या जिथल्या तिथे. मी तिथे जरा वेळ उभा राहिलो. ज्या घरात सोन्याची वस्तू हरवते ते घर उलथेपालथे असते. बाया डबे रिकामे करतात, गाद्या उचलतात, एकाच कोनाड्यात पुन्हा पुन्हा हात घालतात. चोराचे नाव माहीत असले तरी शोधतात, कारण मनाला आशा असते. या घरात कोणीच काही शोधले नव्हते.

मी निघालो तशा काकू दारापर्यंत आल्या. भाऊ जवळ नाहीत असे पाहून हळूच म्हणाल्या, "साहेब, तिनं सकाळपासून काही खाल्लं का?"

मी जीपमध्ये बसलो तेव्हा तपास कोणत्या दिशेने न्यायचा ते मला कळले होते.

जाताना पानठेल्यावर थांबलो. खबऱ्याला बाजूला घेतले. "चोरी व्हायच्या आधीच तुला रपटीचं कसं माहीत?"

तो चुळबुळला. "साहेब, माहं नाव नका घेजा. भाऊ इथं पान खात उभे होते. कोणाले तरी सांगून राहिले होते, काकूले आम्ही समजावलं, चोरीचं नाव घेतलं का आपोआप निघते ते. मले वाटलं तुमच्या कानावर असू द्यावं."

मी त्याच्या खबरीचा अर्धाच भाग ऐकला होता. तो चोर सांगत नव्हता, रपट सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साध्या कपड्यांत, हवालदारबाईंना सोबत घेऊन गुरुजींकडे गेलो. गुरुजी समोरच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही, फक्त हाताने आत जा म्हणून खुणावले. काकू मागच्या अंगणात ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सिस्टरची खोली समोरच होती, दाराला नवे कुलूप. ती ड्यूटीवर गेली होती. भिंतीपलीकडून कुठल्या तरी बागेतला वास येत होता आणि दूर स्टेशनात इटारसीकडची मालगाडी थांबून धापा टाकत होती.

मी पोतीचे काही विचारले नाही. तपासात एक गोष्ट मी शिकलो होतो: खोटे बोलणाऱ्याला खोट्याबद्दल विचारले की तो ते आणखी घट्ट करतो. मी विचारले, "काकू, सिस्टरला स्वयंपाक येतो का?"

त्या हसल्या. "कुठचा येते! भाकर करते तर नकाशा होते तिचा." मग बोलतच राहिल्या. गुरुजींना साखरेची बीमारी, रोजची सुई तीच देते. काकूंच्या गुडघ्याला तीच तेल लावून देते. काकू झोपेत बोलतात हे सिस्टरने त्यांना सांगितले आणि दोघी किती हसल्या. बोलता बोलता त्या खोलीकडे पाहायच्या आणि हातातली शेंग तशीच राहायची. हवालदारबाईही शेंगा सोलायला बसल्या. कितीतरी वेळ असाच गेला. मला वाटू लागले की आम्ही तपासाला आलोच नाही, पाहुणे म्हणून आलो आहोत.

मग काकू थांबल्या. म्हणाल्या, "साहेब, पोत सापडली असं लिहता येत नाही का?"

"कुठं सापडली, काकू?"

"घरातच."

"मग लिहता येते न. पण हरवली कशी होती, तेही लिहावं लागेल."

त्या उठल्या. आत गेल्या, तांदळाच्या डब्यातून पोत काढून आणली आणि परातीत, सोललेल्या तुरीच्या दाण्यांवर ठेवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते, पण आवाज सरळ होता.

"मी हळदीकुंकवाले साऱ्या गल्लीले बोलावलं. तिळगूळ केला, वाण आणलं. एकही बाई आली नाही साहेब. दिवे लागले तरी मी ताट घेऊन दारात बसून होती. मग भाऊची बायको येऊन सांगून गेली, तुमच्या घरचं पाणी आता कोणी पिणार नाही म्हणून. तिले काढा. आता मी तिले कसं काढू? तिच्या तोंडावर कोणत्या तोंडानं म्हणू, तू पारधीण आहेस, जा? माहं तोंडच उघडलं नाही. मग भाऊ म्हणाले, तुम्हाले काही म्हणा लागणार नाही काकू. फक्त पोत गेली म्हणा. ते आपल्या आपण निघून जाईल. हे लोक असेच जातात."

"गुरुजींना माहीत होतं?"

आत पेपरचे पान उलटल्याचा आवाज आला.

पंचनामा केला, जबाब घेतले. गुरुजींनी आपल्या जबाबात एकच वाक्य सांगितले, "मला माहीत होते आणि मी काही बोललो नाही." मुन्शीने आणखी काही लिहायचे का म्हणून विचारले, ते नको म्हणाले.

खोटी माहिती देऊन पोलिसांकडून दुसऱ्याला त्रास देणे हा गुन्हा आहे. काकूंवर आणि भाऊंवर, दोघांवरही कारवाई होऊ शकत होती. मी सिस्टरला ठाण्यात बोलावून सगळे सांगितले. पोत तांदळाच्या डब्यात होती हे ऐकून तिने विचारले,

"काकूंनी स्वतः सांगितलं?"

"स्वतः."

"माझ्याशी एक शब्द बोलल्या असत्या तर…" ती एवढेच म्हणाली. पुढचे वाक्य तिने केले नाही. मग म्हणाली, "काकूंवर केस नको. गुरुजींचं खाणंपिणं कोण पाहील? पण माझी एक अट आहे. चोर म्हणून माझं नाव गल्लीत घेतलं, तर चोर नाही हेही गल्लीत सांगावं. काकूंनीच. आणि मी खोली सोडणार नाही."

"तिथं राहणं आता सोपं नाही, सिस्टर," हवालदारबाई म्हणाल्या. "दुसरी खोली आम्ही पाहून देतो."

"मॅडम, आमचे लोक रातोरात डेरा उचलून जातात. मारतील, धरतील म्हणून जातात. आणि गेले की गावात म्हणतात, पाहा, पळाले, म्हणजे यांनीच केलं. मी आता गेले तर पोत मीच नेली होती असं होईल. मग काकूंनी कितीही सांगितलं तरी."

रविवारी चार वाजता मी दोन शिपाई घेऊन गल्लीत गेलो. लोक ओट्यांवर जमले होते. सिस्टरने आईला लोधीखेड्याहून बोलावून घेतले होते. मला ती तेव्हा दिसली. उन्हाने करपलेली, किडकिडीत बाई, हिरव्या लुगड्यात. ती गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबाला टेकून उभी होती. चला म्हटले तरी हलेना.

काकू ओट्यावर आल्या. गुरुजी त्यांच्या शेजारी उभे राहिले. भाऊ म्हणाले, "जाऊ द्या न काकू. झालं ते झालं. कायले तमाशा करता?"

"झालं ते सगळ्यांसमोर झालं भाऊ," काकू म्हणाल्या. मग गल्लीकडे तोंड करून बोलल्या, "पोत माह्या घरातच होती. मी लपवली होती. या पोरीनं काही नेलं नाही. मी खोटं बोलली. माह्याच तोंडानं खोटं बोलली."

एक सायकलवाला गल्लीत शिरत होता, तो उतरून उभा राहिला. काही बाया पदर तोंडाशी धरून आत गेल्या. सिस्टर ओट्याजवळ उभी होती. काकूंनी तिच्याकडे हात पुढे केला, पण तिने तो धरला नाही. ती वळली, गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेली, आईचा हात धरला आणि सगळ्यांच्या समोरून तिला आणत बोळातून मागच्या खोलीकडे घेऊन गेली. आई दोन्ही बाजूंच्या घरांकडे पाहत नव्हती, आपल्या पायांकडे पाहत चालत होती. थोड्या वेळाने मागून शेगडीवर चहा उकळल्याचा वास आला. आम्ही तिथून निघालो.

भाऊंवर मी प्रतिबंधात्मक कारवाई केली, शांतता राखण्याचे बंधपत्र घेतले. सामान बाहेर काढणाऱ्यांनाही समज दिली. कागदोपत्री एवढ्यावर केस संपली.

गल्लीतली मात्र संपली नाही. हे मला गुरुजींकडून समजत राहिले. ते अधूनमधून ठाण्यात येऊन बसत, एरवी फार न बोलणारे, पण मला सांगत. सिस्टर रोज गुरुजींना सुई द्यायची, वेळेवर, पण बसायची नाही. काकू वाटीत काही ना काही झाकून तिच्या दाराशी ठेवत. ती खायची, वाटी घासून परत ठेवायची. काकूंशी बोलायची ते औषधापुरते. गल्लीतल्या बायांनी काही महिने ओळख दाखवली नाही. मग भाऊंच्या घरीच एका रात्री त्यांच्या म्हाताऱ्या आईचा श्वास अडकला आणि भाऊ बोळातून धावत आले. सिस्टर गेली. म्हातारी वाचली. भाऊ दुसऱ्या दिवशी ठाण्यात येऊन मला म्हणाले, "साहेब, मी तिले काय म्हणू आता?" मी म्हटले, "तिलाच विचारा." त्यांनी विचारले की नाही, मला माहीत नाही. माझी बदली झाली.

पुढे सिस्टरचीही बदली सौंसरला झाली. तिने खोली सोडली ती दिवसाढवळ्या, सामानाचा टेम्पो, छोटा हत्ती, बोलावून. काकूंनी ट्रंक भरायला मदत केली आणि जाताना सिस्टरने त्यांना वाकून नमस्कार केला, असे गुरुजींनी मला फोनवर सांगितले. काकू त्यानंतर कितीतरी दिवस मागच्या अंगणात गेल्या नाहीत.

या केसने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर मी तरुण अधिकाऱ्यांना एवढेच सांगतो: रपट घेताना चोर कोण हे शोधाच, पण या रपटीने कोण बेघर होणार आहे, तेही आधी पाहा. बऱ्याचदा रपट त्याचसाठी आलेली असते. आणि असे करणारी माणसे दुष्ट असतीलच असे नाही. काकूंसारखी मायाळूही असतात. त्यांना फक्त तोंडावर नाही म्हणता येत नाही, म्हणून ती आपल्या नकाराला आमचा गणवेश चढवायला येतात.

निवृत्त झाल्यावर मी सौंसरला राहायला आलो. रक्तदाब तपासायला दवाखान्यात गेलो तेव्हा सिस्टर दिसली. तिने पट्टा बांधला, आकडा पाहिला, मीठ कमी करा म्हणाली. मग मीच विचारले, "इथं खोली मिळाली का?"

"मिळाली साहेब. आता मी आधी जात सांगते, मग खोली पाहते. पुष्कळ दारं बंद झाली. कोणी म्हणालं, आताच दिली दुसऱ्याला. कोणी म्हणालं, पाणी नाही. मी सांगतच गेले. शेवटी एका बाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, संडास बाहेर आहे, चालेल का?"

ती हसली. पट्टा सोडताना म्हणाली, "पांढुर्ण्याची खोली जास्त चांगली होती. पण सांगून मिळालेल्या घराची गोष्टच वेगळी असते. तिथं झोप लागते."

माझ्या मागे रांग होती. मी उठलो.